जुन्या पीसीवर विंडोज की लिनक्स?
विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा असेल, तर विंडोज ११ जबरदस्तीने बसवू नका. पुढच्या अपडेटची खात्री नाही. टॅली किंवा डिजिटल सहीचा डोंगल रोज लागतो? मग विंडोजच ठेवा, मशीन बदला. नुसता ब्राउझर, पत्रं, सिनेमे एवढंच असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम. ४ जीबी रॅमवर तिची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रामने मिंटची इमेज, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, लिहा (आधीचं सगळं पुसलं जातं!), त्यावरूनच मशीन सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. नडतो तो बहुधा प्रिंटरच. विंडोजही शेजारी ठेवणार असाल, तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवा. विंडोजमधली फास्ट स्टार्टअप (झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.