ऑलिव्हच्या घाण्याचं पाणी: मेम्ब्रेन दोन तासांत का तुंबतं?

प्रश्न : मी इटलीत पुलियामध्ये ऑलिव्ह तेलाच्या घाण्यावर काम करतो. तेल, पाणी आणि चोथा वेगळं करणारा तीन फेजचा डिकँटर आहे. काळपट सांडपाणी जाळीतून गाळून सिरॅमिक अल्ट्राफिल्ट्रेशनला, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या मेम्ब्रेनला देतो. दोन तासांत प्रवाह निम्म्यावर येतो. दाब वाढवला की जरा सुधारतो, मग आणखीच घसरतो. काय चुकतंय?

उत्तर : आधी दाब वाढवणं थांबवा. या पाण्यात तेलाचे बारीक थेंब, पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) आणि फळाचा गर असतो. दाबाखाली त्याचा जेलीसारखा चिकट थर मेम्ब्रेनवर घट्ट बसतो. दाब १ ते २ बारच ठेवा आणि नळीतला वेग सेकंदाला ४ मीटरच्या आसपास आणा, म्हणजे थर धुपत राहील.

खरा दोष मात्र मेम्ब्रेनच्या आधी आहे. नुसत्या जाळीने तेल अडत नाही. पाणी मूळच्या ५ पीएचला असतानाच कोमट करून पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन तोडणारं एन्झाइम घाला. तीव्र आम्लात हे एन्झाइम निकामी होतं. मग सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते ३ वर आणा. इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फुटतं, तेल वर येतं, गाळ खाली बसतो. मधलं पाणी तेवढं काढून घ्या. हायड्रोक्लोरिक वापरू नका, क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतात.

एक गोष्ट आधीच ठरवा. इटलीच्या १९९६ च्या ५७४ क्रमांकाच्या कायद्याने हे पाणी शेतात सोडता येतं, सलग चालणाऱ्या (डिकँटरवाल्या) घाण्यांना हेक्टरी वर्षाला ८० घनमीटरपर्यंत. पण ते प्रक्रिया न केलेलं, साध्या पाण्याशिवाय काहीही न मिसळलेलं असेल तरच. आम्ल घातलं की ती वाट बंद.

धुताना सुरुवात गरम पाण्याने करा, गार पाण्याने तेल थिजतं. मग १ टक्का कॉस्टिक सोडा, ६० अंशांवर, अर्धा तास; भरपूर पाणी; शेवटी सौम्य नायट्रिक आम्ल. नव्या मेम्ब्रेनमधून स्वच्छ पाणी किती जातं ते लिहून ठेवा आणि प्रत्येक धुण्यानंतर ताडून पाहा. आकडा जुळत नसेल तर धुणं अपुरं आहे. ही रीत सिरॅमिकचीच. बऱ्याच पॉलिमर (प्लॅस्टिकच्या) मेम्ब्रेनना इतका सोडा आणि इतकी उष्णता सोसत नाही.

गाळलेलं पाणी तपकिरीच दिसेल, त्याने गोंधळू नका. हायड्रॉक्सिटायरोसॉल या ऑलिव्हमधल्या फिनॉलचा रेणुभार फक्त १५४. अल्ट्राफिल्ट्रेशन त्याला अडवत नाही. त्यासाठी पुढे आणखी बारीक गाळणारं नॅनोफिल्ट्रेशन आणि आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) हवंच. मागे उरणारा घट्ट रगडा बायोगॅसला देणार असाल तर थोडा थोडा द्या, कारण फिनॉल जिवाणूंना मारतात.