जंतू आधीच दुबळा असताना आणखी जीन काढून लस सुधारते कशी?

तुम्ही विचारलंय की बीसीजी या क्षयाच्या (टीबीच्या) लसीतला जंतू मुळातच दुबळा केलेला आहे, मग त्यातून आणखी जीन काढले तर लस अधिकच कुचकामी होणार नाही का? मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि वर्गात ही शंका हमखास निघते.

जंतू किती दुबळा केला, यापेक्षा त्यातलं नेमकं काय काढलं हे महत्त्वाचं. बीसीजीत ती निवड कुणी केलीच नव्हती. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ या काळात गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर २३० वेळा नव्याने वाढवला. जंतू निरुपद्रवी झाला, पण का, हे १९९० च्या दशकात उलगडलं: त्याच्या डीएनएतून आरडी-१ हा तुकडा गळून पडला होता. त्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांचे जीन होते. जंतू यांच्याच जोरावर आपल्या पेशींचं नुकसान करतो, आणि आपल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला ओळखतात त्यातही हीच दोन प्रथिनं आघाडीवर असतात. चोराची सुरी काढून घेताना त्याचा फोटोही फाडला गेला म्हणा ना. लहान मुलांच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर क्षयापासून बीसीजी चांगलं वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत मात्र तिचा भरवसा नाही. तामिळनाडूतल्या चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीत तर ती तिथे निष्प्रभच ठरली. याला एकटा आरडी-१ जबाबदार आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्तीन यांच्या गटाने उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी माणसाच्या टीबीचाच जंतू घेतला आणि दोनच जीन काढले. पहिला फॉप, म्हणजे इतर अनेक जीनवर हुकूम चालवणारा मुकादम. तो गेला की जंतू ईसॅट-६ बनवतो, पण बाहेर सोडू शकत नाही. दुसरा फॅडडी-२६, जंतूच्या आवरणातल्या एका घातक मेदासाठी लागणारा. दोन का? एखादा बदल कसाबसा भरून निघाला तरी दुसरा जंतूला आवरून धरेल म्हणून. शिवाय एका अक्षराचा बदल उलटू शकतो, पण अख्खा जीनच कापला तर तो परत येत नाही. ही लस म्हणजे एमटीबीव्हॅक. आफ्रिकेत नवजात बाळांवर तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. भारतात भारत बायोटेकने २०२४ मध्ये प्रौढांवर चाचण्या सुरू केल्या.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. व्हीपीएम-१००२ ही बीसीजीच, पण तिच्यातला युरेज-सी जीन काढलाय. हा जीन असला की जंतू अमोनिया तयार करतो आणि पांढऱ्या पेशीतल्या ज्या कप्प्यात तो गिळला जातो तिथली आम्लता मारून टाकतो. जीन नसला की कप्पा आम्लधर्मी होतो, आणि लिस्टेरिया या जंतूकडून उसनं आणलेलं लिस्टेरिओलायसिन हे प्रथिन तिथे कामाला लागून कप्प्याला भोकं पाडतं. मग जंतूची प्रथिनं पेशीच्या आत पसरतात आणि बीसीजीपेक्षा अधिक प्रकारच्या टी-पेशी जाग्या होतात. मूळ कल्पना जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेची. पुढचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतलं.

एक तोटाही सांगते. टीबीचा संसर्ग शोधणारी, ईसॅट-६ वर आधारलेली इग्रा ही रक्ततपासणी बीसीजीमुळे फसत नाही. एमटीबीव्हॅक घेतलेल्यांत मात्र ती काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते.