विभागाचं बातमीपत्र पहिल्यांदा हाती घेताना

व्याख्यानाची सूचना लिहिताय ना? आधी वक्त्याचं नाव तपासा. चिनी, कोरियन, जपानी नावांत आडनाव पुढे असतं, पण परदेशात शिकवणारे बरेच जण क्रम उलटवतात. म्हणून आडनाव कोणतं, हे वक्त्यालाच विचारा, नाहीतर 'प्रा.'पुढे भलतंच नाव छापलं जातं आणि पाहुण्याच्या मनाला ते लागतं.

ऑनलाइन व्याख्यान असेल तर दोन्हीकडच्या वेळा द्या. टोकियो भारताच्या कायम साडेतीन तास पुढे. लंडनशी फरक मात्र मार्चअखेर साडेपाचवरून साडेचार तासांवर येतो.

चांद्र नववर्षाच्या समारंभाला नुसतं 'चिनी' म्हणू नका, कोरियन सोल्लाल नि व्हिएतनामी तेत साजरा करणारेही विभागात असतात. तिबेटी नववर्ष लोसार काही वर्षी महिनाभर उशिरा येतो, त्याची तारीख वेगळी बघा.