कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. पियानो सॉफ्टवेअरमध्ये पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. कोणतं सॉफ्टवेअर चालेल, की नवा लॅपटॉपच घ्यावा?

लॅपटॉप घेऊ नका. आवाज उशिरा येण्याचा प्रोसेसरशी फार थोडा संबंध असतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि लोक चाळीस-पन्नास हजार घालून तोच उशीर नव्या मशीनवर घरी आणतात.

खरं कारण ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम. आउटपुटला डायरेक्टसाउंड (विंडोजचा जुना ध्वनिमार्ग) किंवा विंडोजचा स्वतःचा जीएस वेव्हटेबल सिंथ (त्यातच असलेलं साधं आवाजयंत्र) असेल, तर बोट आणि आवाज कधीच जुळणार नाहीत. एएसआयओफॉरऑल हा फुकट ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. उशिराचा हिशोब सोपा आहे: बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवलेले ध्वनीचे तुकडे) भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला असे किती तुकडे). ४४,१०० हर्ट्झला १,०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, २५६ म्हणजे ५.८. ड्रायव्हर आणि कीबोर्डचा थोडा उशीर वर धरा. ५१२ पासून सुरुवात करून खाली या. एएसआयओफॉरऑलच्या यादीत साउंड कार्डापुढे लाल फुली दिसली, तर ते दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेलं असतं, बहुधा ब्राउझरने. तो बंद करा.

ओळखीच्या एका संगीतवर्गात याच ताकदीचं मशीन होतं आणि दुकानदाराने ते भंगारात काढायला सांगितलं होतं. एएसआयओफॉरऑल टाकल्यावर उशीर गेला, पण मधूनमधून टक्-टक् असा आवाज फुटायचा. कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो हे दाखवणारं लेटन्सीमॉन चालवलं, तर सगळ्यात वर नेटवर्कचा ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, त्यातच प्रोसेसरची किमान स्थिती १०० टक्के केली आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद केलं. शेवटचं महत्त्वाचं, कारण पोर्ट झोपला की मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा पियानोसारखा कीबोर्ड) मध्येच गप्प होतो. मशीन २५६ वर स्वच्छ वाजू लागलं. खर्च शून्य.

आता सॉफ्टवेअर. जितके जीबी जास्त तितका पियानो खरा, हा समज मला अजिबात मान्य नाही. सालामांडर ग्रँड हा फुकट सॅम्पल-संच (खऱ्या पियानोच्या सुरांची रेकॉर्डिंग) सुंदर आहे, यामाहा सी५ पियानोचे १६ व्हेलॉसिटी लेयर (पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार वेगळी रेकॉर्डिंग) आहेत, पण तुमच्या २ जीबीतली निम्मी रॅम विंडोजच खाते. मग सॅम्पल हार्ड डिस्कवरून ओढावे लागतात, आणि ५,४०० आरपीएमची डिस्क पेडल दाबून वाजवलेल्या जलद तानेला पुरी पडत नाही. सूर मध्येच तुटतात. पियानोटेक या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल नसतातच. तारेचं कंपन गणिताने तयार होतं, म्हणून अख्खं सॉफ्टवेअर काही डझन एमबींत बसतं. पॉलिफोनी (एका वेळी वाजणारे सूर) ४८ वर बांधा, रिव्हर्ब (घुमणारा आवाज) बंद करा. चाचणी आवृत्तीत काही पट्ट्या मुक्या असतात आणि ती २० मिनिटांनी थांबते, पण तुमचं मशीन झेपवतं का हे कळायला तेवढं पुरे. फुकटच हवं असेल तर स्फोर्झांडो हा सॅम्पल वाजवणारा प्रोग्रॅम घ्या आणि त्यात ३०-६० एमबीचा साउंडफाँट (सॅम्पलची छोटी फाइल) लोड करा.

गणिताचा भार मात्र प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे अ‍ॅटम या कमी ताकदीच्या प्रोसेसरवाल्या नेटबुकवर पियानोटेक दम टाकेल. तिथे साउंडफाँटच. विंडोज ७ वर चालणारी आवृत्ती आहे ना, हेही उतरवण्याआधी बघा. पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडी, मग रॅम. ३२-बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर रॅम घालून उपयोग नाही.

आणि तुम्ही मिडी कीबोर्डऐवजी कॉम्प्युटरच्याच कीबोर्डवर वाजवत असाल, तर तीन-चार सुरांच्या कॉर्डमधला एखादा सूर गायब होईल आणि हलकं-जोरात असा फरक येणारच नाही. साध्या कीबोर्डची जोडणीच तशी असते. त्यावर कोणतंही सॉफ्टवेअर इलाज करू शकत नाही. व्हेलॉसिटी असलेला सेकंडहँड यूएसबी मिडी कीबोर्ड शोधा.