एमजीबी उभी करायची असेल तर आधी दाराखाली पाहा

तुम्ही विचारले आहे की, नात्यातल्या एका गृहस्थांच्या गॅरेजात अठरा वर्षे पडून असलेली १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे छप्पर नसलेली दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घरची माणसे आणि दोन-तीन मित्र यांना हाताशी घेऊन शनिवार-रविवारी दुरुस्त करता येईल का, त्याला खर्च किती येईल, आणि ‘आधी इंजिन चालू करून घ्या, मग बाकीचे बघा’ हा तुमच्या मित्राचा सल्ला योग्य आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याकडे शेवटी वळतो. मी लिहायला बसलो आहे तो तिसऱ्यासाठी, कारण याच एका वाक्यावरून आमच्या घरात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा आहे.

मी आणि माझा थोरला भाऊ मूळचे कोल्हापूरचे असून बरीच वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतो. २०१४ साली आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून १९७१ सालची एक एमजीबी घेतली. ती एका शेतघराच्या कोठारात ताडपत्रीखाली उभी होती आणि तिची शेवटची नोंदलेली तपासणी १९९६ सालची होती. एमजीबी निवडण्यामागे माझा विचार साधा होता. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो आणि तिच्यावर काम केलेला माणूस दर चार गल्ल्यांमागे भेटतो. घरच्या माणसांनी मिळून करण्याजोगी याहून चांगली जुनी स्पोर्ट्स कार मला ठाऊक नाही.

दादाचे म्हणणे असे होते की, बंद गाडी म्हणजे नुसता पत्रा. एकदा इंजिनाचा आवाज घरात घुमला की सगळ्यांना हुरूप येईल. मी म्हणत होतो की आधी सिल, म्हणजे दाराखालचा पत्रा, पाहू. त्याने मोठेपणाच्या अधिकाराने निर्णय घेतला आणि मी तो मान्य केला.

इंजिन चालू करण्याचे काम आम्ही नीट केले, हे मी आजही अभिमानाने सांगतो. इतकी वर्षे थांबलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर द्यायचा नसतो. आम्ही चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, आठवडाभर थांबलो आणि मग क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहिला. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकले, दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर उघडून धुतले, आणि इंधन पंपाचे चिकटलेले पॉइंट घासून साफ केल्यावर त्याची ओळखीची टकटक ऐकू आली. २०१५ च्या मार्च महिन्यातल्या एका रविवारी ते १७९८ सीसीचे लोखंडी इंजिन निळसर धूर सोडत सुरू झाले, वहिनींनी घरातून पेढे आणले आणि माझी मुलगी, जी तेव्हा बारा वर्षांची होती, उड्या मारत रस्त्यापर्यंत धावत गेली.

गिअर मात्र पडेना. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली होती, आणि एमजीबीमध्ये क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावेच लागते. आम्ही ते काढले, क्लच बदलला, इंजिन परत बसवले, ब्रेकचे सर्व रबरी भाग आणि होज नवे घातले, आणि जुलैमध्ये वेळ ठरवून गाडी वार्षिक तपासणीला नेली. तपासनीसाने गाडी वर उचलली, दाराखालच्या पत्र्यावर आपली छोटी हातोडी दोन-तीनदा आपटली आणि मूठभर गंजाचा भुगा जमिनीवर पडला. सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असते तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला असेल तर गाडी नापास होते. आमची गाडी चार ठिकाणी नापास झाली.

सिल म्हणजे गाडीचा उंबरठा, दाराखालची ती पोकळ पेटी. एमजीबीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच पेलते, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे काम मुख्यतः याच दोन पेट्या आणि गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा करतात. पेटी एका पत्र्याची नसते. बाहेरचे सिल, मधला उभा पडदा, आतले सिल आणि खालची खाचांची पट्टी असे चार थर एकमेकांना वेल्ड केलेले असतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आत साठतो, ओल धरतो आणि तिथून ही पेटी आतून कुजत जाते. आमच्या गाडीवर आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा वर्कशॉपने कुजलेल्या सिलवर नव्या पत्र्याचे झाकण ठोकून वरून लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरली होती आणि रंग मारला होता. बाहेरून ते सिल नव्यासारखे दिसत होते. असे झाकण लावणे ही फसवणूक आहे आणि ती करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

खरी दुरुस्ती करायची तर पुढची विंग बोल्ट काढून उतरवावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, कारण बाहेरचे सिल दोन्हींच्या आत शिरलेले असते. आमच्या गाडीत बॅटरीच्या पेट्याही गेल्या होत्या. या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे जमिनीखाली बसवलेल्या असतात आणि त्यांच्या पेट्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंजिनशेजारचा आतला पत्राही पातळ झाला होता, म्हणून वायरिंग, गालिचे, पेट्रोलची टाकी आणि पुन्हा एकदा इंजिन असे सगळे बाहेर आले. मार्चपासून चार महिन्यांच्या श्रमाने जे बसवले, ते ऑगस्टमध्ये तीन दिवसांत उतरवले. आधी सिल उघडले असते तर इंजिन एकदाच निघाले असते, क्लच त्याच वेळी बदलला गेला असता आणि इंजिनची खोली रिकामी असतानाच रंगवून झाली असती. दादा हे वाचेल याची मला खात्री आहे, म्हणून हा हिशेब इथे मुद्दाम मांडतो.

यानंतरची चूक माझी आहे आणि ती तुम्ही करू नये. डाव्या बाजूचे सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी आडवी पट्टी वेल्ड करायची असते, म्हणजे बॉडी वाकत नाही. मी घाईने ती लावली नाही. नवे सिल वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर धरल्यानंतर दार लावून पाहिले तर मागची फट खाली ९ मिलिमीटर आणि वर जेमतेम ३ मिलिमीटर उरली होती, म्हणजे गाडी मधोमध खचली होती. आमचे शेजारी, ज्यांचे सारे आयुष्य पत्र्याच्या कामात गेले होते, त्या संध्याकाळी आले, फट पाहून काही बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची लोखंडी पट्टी घेऊन हजर झाले. आम्ही सगळे टाके कापले, बॉडी पुन्हा समतल टेकवली, पट्टी लावली आणि एकावेळी एकच बाजू या नियमाने, दर थराला दार बसवून फट मोजत, दोन्ही सिल पूर्ण केली. त्या कामाला सात महिने लागले. त्यांनी एक पैसाही घेतला नाही, मात्र दर शनिवारी जेवायला आमच्याकडे असत आणि झुणका-भाकरी मागून खात.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. त्यांची चाळीस वर्षे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली आहेत. एमजीबीच्या पुढच्या चाकांना जुन्या पद्धतीच्या किंगपिन असतात, म्हणजे चाक ज्यांच्याभोवती वळते त्या उभ्या पिना. त्यांचे नवे बूश दाबून बसवल्यावर आतून रीमर (भोक नेमक्या मापाला कापणारे हत्यार) मारून पिनच्या मापाला आणावे लागतात, आणि ते जरासे जास्त कापले गेले तर सगळे वाया जाते. बाबांनी तो रीमर हाताने फिरवला. दर पाव फेऱ्याला थांबून, पिन घालून, बोटांनी जाणवणारा अडथळा पाहत त्यांनी एका बाजूला पूर्ण दुपार घालवली. शेवटी पिन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली आणि कुठे हलली नाही. मी अभियंता आहे, पण ते काम मला जमले नसते. त्याच दिवशी आम्हा भावांचा वाद त्यांच्यासमोर निघाला, तेव्हा त्यांनी दोघांचे ऐकून घेतले आणि पाणसळ मागितली. ती त्यांनी दोन्ही सिलवर ठेवून पाहिली, मान हलवली आणि परत रीमर उचलला. त्याचा अर्थ दादा एक लावतो आणि मी दुसरा.

कुटुंबाला सोबत घेण्याविषयी मला एवढेच ठामपणे सांगायचे आहे की, प्रत्येकाला एक अख्खे काम द्या, नुसते पाने-पकडी पुरवायला उभे करू नका. आमच्याकडे सगळी वायरिंग वहिनींची होती. त्यांनी ल्युकास या विजेचे सामान बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या रंगांची खूण तीन दिवसांत पाठ केली: तपकिरी तार नेहमी चालू, पांढरी इग्निशनबरोबर चालू, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून, काळी अर्थिंगची. या गाड्यांच्या विजेला नावे ठेवण्याची लोकांना सवय आहे. वहिनींना सापडलेले जवळजवळ सर्व दोष मात्र गंजलेल्या अर्थिंगचे आणि सैल जोडांचे निघाले. माझ्या मुलीने प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर क्रमांक, तारीख आणि फोटोचा क्रमांक लिहिला. अशा चारशेच्या वर पिशव्या झाल्या आणि तीन वर्षांनी गाडी जोडताना एकही हरवली नव्हती. ती पुढे यंत्र अभियांत्रिकीला गेली.

२०१८ च्या मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. त्याच महिन्यापासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. आम्ही तरीही तपासणी करून घेतली आणि तुम्हीही घ्यावी, कारण गाडीखाली दुसऱ्याची नजर गेलीच पाहिजे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग निघतो. तुमची गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली असल्यामुळे सिलिंडर हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या आहेत का ते विचारा, आणि २०२१ पासून इथल्या पंपांवर साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे झाले असल्याने जुने रबरी होज बदला व शक्यतो पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल वापरा. सिल फारच गेली असतील तर १९८८ पासून जुन्या साच्यांवर बनणारी अख्खी नवी बॉडीही मिळते. माझे मन त्याला तयार होत नाही, पण हिशेबाने ते कधी कधी बरोबर असते.

दादाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवतो. २०१५ च्या त्या रविवारी इंजिन सुरू झाले नसते तर माझी मुलगी पुढची तीन वर्षे दर शनिवारी गॅरेजात आली असती का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. तुमच्याकडे लहान मुले असतील तर सिल उघडून पाहिल्यानंतर आणि इंजिन बाहेर काढण्यापूर्वी ते एकदा जागेवर चालू करून दाखवायला माझी हरकत नाही. सिल आधी, एवढे मात्र सोडू नका.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो तुमच्या गाडीच्या दाराखाली काय आहे त्यावर ठरतो आणि ते तुम्ही अजून पाहिलेले नाही. गाडी पाहायला जाताना एक लोहचुंबक आणि एक चांगला जॅक सोबत न्या. चुंबक सिलवर आणि विंगच्या खालच्या टोकांवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी भरलेली आहे. मग दार बंद ठेवून मागची फट वर आणि खाली मोजा, दाराखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी थोडी उचला आणि फट पुन्हा मोजा. फट बदलली किंवा दार अडकू लागले तर गाडी लगेच खाली उतरवा, मालकाला ते माप दाखवा आणि किमतीचे बोलणे तिथून सुरू करा. दोन्ही मापे इथे लिहून कळवलीत तर पुढचे मी सविस्तर सांगेन.