वाचकांचे प्रश्न : पिंपातले निखारे आणि टांगलेले मांस

पिंपाच्या भट्टीत मोठे तुकडे धुरावण्याविषयीची बरीच पत्रे साठली असल्याने हे सदर या वेळी त्यांनाच दिले आहे. ज्यांनी ही भट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की सुमारे 200 लिटरचा उभा लोखंडी पिंप, त्याच्या तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, तळाजवळ हवा आत येण्यासाठी उघडझाप करता येणारे एक भोक, तोंडाशी आडव्या दोन सळया आणि त्या सळयांना आकड्यांनी टांगलेले मांस, अशी तिची साधी रचना असते. वर झाकण घट्ट बसवले, की सळयांसाठी पाडलेल्या छिद्रांतून धूर बाहेर पडतो आणि मांसातून गळणारी चरबी निखाऱ्यांवर पडून तिचाही वास मांसाला लागतो.

प्रश्न (फोंडा) : घरच्या समारंभासाठी डुकराच्या खांद्याचा चार किलोचा तुकडा सकाळी नऊ वाजता पिंपात टांगला. दीड वाजता पंगत बसवायची होती. बारा वाजता मांसाचे आतले तापमान 70 अंशांवर आले आणि तिथेच अडकून बसले. दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून पाहिले, कोळसा वाढवला, सुपाने वारा घातला. मग एकदम ज्वाळा उठल्या, तुकडा बाहेरून काळा पडला आणि शेवटी आकड्यावरून सुटून थेट निखाऱ्यांत गेला. पाहुण्यांसाठी बाहेरून चिकन मागवावे लागले. चुकले कुठे?

उत्तर : तुकडा निखाऱ्यांत पडला हे दिसायला मोठे असले, तरी बिघडायला सुरुवात त्याआधीच, पहिल्यांदा झाकण उघडले तेव्हा झाली होती. चुलीवर आपण लाकूड पुढे-मागे सारून आच कमी-जास्त करतो, त्यामुळे भट्टीची आचही कोळशाच्या प्रमाणावर ठरते असा आपला समज असतो. पिंपात मात्र आच ठरते ती हवेवर. टोपलीत चार किलो कोळसा असला तरी भोकातून जेवढी हवा आत येते तेवढाच तो जळतो आणि बाकीचा आपली पाळी येईपर्यंत थांबून राहतो. झाकण उचलले की वरून हवेचा लोट आत जातो, विझत आलेले कोळसे फुलतात, त्यांवर साठलेली चरबी पेट घेते, आणि झाकण परत ठेवले तरी पुढची वीस-तीस मिनिटे तापमान आधीपेक्षा चढेच राहते. ते स्थिर होण्याआधी आपण पुन्हा झाकण उघडले आणि वर सुपाने वाराही घातला, म्हणजे धुरी देण्याच्या भट्टीचा लोहाराचा भाता करून टाकला.

आता 70 अंशांवर काटा का अडकला ते पाहू. मोठा तुकडा साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान तासन्‌तास थबकतो, आणि त्याचे कारण आपल्या घरातल्या मातीच्या माठात आहे. माठातून पाझरणारे पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, तसेच मांसाच्या पृष्ठभागावर येणारे पाणी वाफ होताना, निखारे जेवढी उष्णता देतात जवळजवळ तेवढीच परत नेते. गोव्यातल्या दमट हवेत माठ तितकासा गार होत नाही, मग हे कसे, असे कोणी विचारील. बाहेर हवा कितीही ओलसर असली तरी पिंपात ती 120-130 अंशांपर्यंत तापल्यावर चांगलीच कोरडी होते, त्यामुळे हा खोळंबा आपल्याकडे भर आषाढातही होतो. पृष्ठभाग सुकला की काटा आपोआप पुढे सरकतो, तोवर भट्टीत काही बिघडले आहे असे मानून कोळसा घालण्याचे कारण नाही.

घाईच असेल तर त्याला एक सरळ उपाय आहे. आतले तापमान 70 अंशांवर आले आणि बाहेरचा रंग गडद तांबूस झाला, की तुकडा आकड्यावरून उतरवावा, ॲल्युमिनियमच्या कागदात दुहेरी घट्ट गुंडाळावा आणि निखाऱ्यांच्या वर बसवलेल्या जाळीवर आडवा ठेवून पुन्हा झाकण लावावे. वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही, म्हणून खोळंबा संपतो. धूर तर मांसाने तोपर्यंत हवा तेवढा घेतलेला असतोच, कारण पृष्ठभाग गार आणि ओला असताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन तासांतच, तो सर्वांत जास्त चिकटतो. आपला तुकडा पडला त्यालाही हेच उत्तर आहे. खांद्यातले स्नायू ज्या चिवट पडद्यांनी बांधलेले असतात त्यांतले कोलॅजन 70 अंशांच्या पुढे विरघळून जिलेटिन होऊ लागते, आणि ज्या मऊपणासाठी आपण एवढा खटाटोप करतो तोच मऊपणा आल्यावर आकडा मांसाला धरून ठेवू शकत नाही. एवढ्या वजनाच्या तुकड्याला सुरुवातीपासून दोन आकडे लावावेत, तेही नुसत्या मांसात न खुपसता हाडाच्या मागून घालावेत, आणि मांस मऊ होण्याआधी ते उतरवून जाळीवर घ्यावे.

राहिला वेळेचा प्रश्न. चार किलोच्या खांद्याला 120 ते 135 अंशांच्या भट्टीत सहा ते आठ तास धरावेत. दीडच्या पंगतीसाठी सकाळी नऊला टांगणे म्हणजे आधीच चार तास उशीर झाला होता, तेव्हा पहाटे पाचला निखारे तयार हवेत. डुकराचे मांस आतून 63 अंशांवर येऊन तीन मिनिटे तसेच राहिले तर खाण्यास सुरक्षित मानले जाते, पण खांद्याचे मांस त्या टप्प्यावर रबरासारखे लागते. बोटांनी रेषा सुटाव्यात यासाठी ते 93 ते 96 अंशांपर्यंत न्यावे लागते. पंगतीच्या आधी तास-दोन तास तयार झाले तर उत्तमच. कागदातच ठेवून वर जुना टॉवेल गुंडाळावा आणि बर्फासाठी वापरतो त्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फाविना ठेवावे. रस आत मुरतो आणि मांस वाढेपर्यंत कढत राहते. ते 60 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये एवढे सांभाळावे.

तापमानाचे हे सगळे आकडे थर्मामीटरवर अवलंबून आहेत, म्हणून तो एकदा तपासून घ्यावा. आपण समुद्रालगत राहतो, तेव्हा खळखळ उकळत्या पाण्यात बुडवल्यावर त्याने 100 दाखवले पाहिजे, आणि 94 दाखवत असेल तर सहा अंशांची चूक लक्षात ठेवून वाचावे. टोक तुकड्याच्या मध्यावर, हाडाला न टेकवता रोवावे. झाकणावर बसवलेले गोल घड्याळ वरच्या हवेचे तापमान सांगते. त्यावरून मांसाचा अंदाज बांधू नये.

प्रश्न (डिचोली) : निखारे कधी धुमसत राहतात तर कधी भडकतात. गोणीतला कोळसा वापरतो. पावसाळ्यात तर तासभर पांढरा धूरच निघत राहतो.

उत्तर : गोणीचा तळ पाहा. तिथे साठलेली कोळशाची भुकटी टोपलीत गेली की जाळीची छिद्रे बुजतात, हवा कोंडते आणि निखारे धुमसतात. मग आपण काठीने ढोसतो, एक वाट मोकळी होते आणि भडका उडतो. कोळसा आधी खडीच्या चाळणीतून चाळून घ्यावा, मुठीएवढे तुकडे तळाशी ठेवून बारीक वर घालावेत. कोळसा हवेतला ओलावा शोषून घेतो, त्यामुळे आपल्याकडे जूनपासून पुढचे चार महिने गोणी पडवीत टेकवून ठेवणे म्हणजे ओला कोळसा विकत घेण्यासारखेच आहे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तो ठेवावा. पेटवताना टोपली न पेटलेल्या कोळशाने भरून, वेगळ्या डब्यात लाल केलेले मोजके निखारे मधोमध वर ओतावेत, म्हणजे आग वरून खाली हळूहळू उतरते. मांस लगेच टांगू नये. दाट पांढरा धूर अर्धवट ज्वलनाचा असतो आणि तो मांसाला कडवट, डांबरासारखी चव देतो. धूर विरळ आणि निळसर झाला की मांस आत जाऊ द्यावे. गोवा समुद्रसपाटीला असल्याने इथली हवा दाट आहे, त्यामुळे खालचे भोक साधारण पाव उघडे पुरते. उंच पठारावरच्या माणसाला तेच अर्धे उघडावे लागते.

प्रश्न (पेडणे) : धुरासाठी घरच्या बागेतले कोणते लाकूड चालेल? काजू तर भरपूर आहे. लाकूड पाण्यात भिजवून घालावे का?

उत्तर : पेरूचे लाकूड सर्वांत चांगले, त्यानंतर फणस आणि चिकू. सहा महिने सावलीत वाळलेले, साल काढलेले, मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. वाढत्या लाकडाबरोबर चव वाढते हा गैरसमज आहे, वाढतो तो फक्त कडवटपणा. काजूच्या बाबतीत मी सावध राहीन. काजूच्या बियांची टरफले तर भट्टीच्या आसपासही येऊ देऊ नयेत. उन्हाळ्यात अंगणात बिया भाजताना टरफलातले तेल हातावर उडून कातडी सोलवटते हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अनुभवले आहे, आणि तेच तेल धुरातून मांसावर आणि आपल्या घशात जाते. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली झाडे. आंब्याचे चांगले वाळलेले लाकूड पुष्कळ लोक वापरतात, पण ज्यांना कैरीचा चीक उततो त्यांनी तेही टाळावे. नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम जळतो आणि राख कमी देतो, मात्र कच्ची करवंटी काजळी धरते आणि सोडणांचा धूर डोळ्यांत पाणी आणण्यापलीकडे काही करत नाही. प्लायवुड, रंगवलेले लाकूड, फळांच्या पेट्यांच्या फळ्या यांना हात लावू नये.

भिजवण्याने काही साधत नाही. रात्रभर पाण्यात ठेवलेला तुकडा कुऱ्हाडीने फोडून पाहा, वरची पातळ कड सोडली तर आत तो कोरडाच निघेल. भिजलेले लाकूड आधी वाफ सोडते आणि मग धूर, एवढाच फरक.

प्रश्न (मडगाव) : आमच्या घरी डुकराचे मांस खात नाहीत. बोकडाची अख्खी मांडी अशी करता येईल का? मसाला कोणता लावावा?

उत्तर : येईल, मात्र बोकडाच्या मांडीत चरबी कमी असल्याने ती लवकर कोरडी पडते. दोन किलोची मांडी नळीकडून टांगावी, म्हणजे जाड भाग आपोआप खाली, निखाऱ्यांच्या जवळ येतो आणि दोन्ही टोके साधारण एकदम शिजतात. तांबूस रंग आला की कागदात गुंडाळताना आत दोन चमचे तूप आणि अर्धी वाटी गरम पाणी घालावे आणि 90 अंशांच्या आसपास उतरवावी. मीठ आदल्या रात्रीच चोळावे, कारण ते आत मुरायला वेळ घेते. मांसाच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे दोन किलोला 30 ग्रॅम, हे प्रमाण मला बरोबर वाटते. मसाला कोरडाच ठेवावा. रेशादचा, म्हणजे मिरची-व्हिनेगरच्या लाल वाटणाचा, ओला गोळा जाडसर थापला तर तो निखाऱ्यांसमोर करपतो आणि त्याच्या आड मांस धुराला पारखे होते. माडाचा गूळही टांगलेल्या मांसाला लावू नये, खालच्या टोकाला तो पहिल्या तासातच काळा पडतो. काश्मिरी मिरची, मिरे, जिरे आणि चार लवंगा भाजून केलेली पूड पुरेशी आहे. आंबटपणा हवाच असेल तर मांस सोडवल्यावर त्यात सुरीचे, म्हणजे माडाच्या ताडीचे, व्हिनेगर शिंपडावे. तसे मांस गरम पोईत, म्हणजे गोव्यातल्या पावात, भरून खाल्ले की वेगळ्या सॉसची आठवण कोणी काढत नाही.

प्रश्न (म्हापसा) : धुरावलेले मांस चोरीसासारखे (गोव्यातल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजसारखे) बाहेर टांगून ठेवले तर टिकेल का?

उत्तर : टिकणार नाही, आणि हा प्रयोग कृपया करू नये. शुक्रवारच्या बाजारात माळांनी लटकणारे चोरीस टिकते ते भरपूर मीठ, व्हिनेगर आणि उन्हात व धुरात निघून गेलेले पाणी या तिघांच्या जोरावर, एकट्या धुराच्या नव्हे. पिंपातला खांदा म्हणजे धुराचा वास असलेले, रसाळ, शिजलेले मांस. शिजलेल्या कोणत्याही मांसाला जो नियम तोच त्याला लागू आहे. जेवणानंतर दोन तासांच्या आत ते लहान डब्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. कापल्यावर कडेला जी गुलाबी पट्टी दिसते ती कच्चेपणाची खूण नाही. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जोडले गेल्याने ती उमटते.

प्रश्न (पर्वरी) : फ्लॅटच्या गॅलरीत लहान पिंप चालेल का? भंगारातून एक स्वस्त मिळतो आहे.

उत्तर : दोन्ही गोष्टींना नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला ना रंग ना वास, आणि गॅलरीचे दार उघडे असेल तर तो घरातच येतो. पिंप चारी बाजूंनी मोकळ्या अंगणातच चालवावा आणि काम संपल्यावर सगळी भोके बंद करून रात्रभर तिथेच राहू द्यावा. झाकणाखालचे निखारे सकाळीही तापलेले सापडू शकतात. भंगारातल्या पिंपात आधी काय भरलेले होते हे विकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते, आणि रसायनाचा पिंप जाळून, घासून अन्नायोग्य होत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पिंप तर तापल्यावर विषारी धूर सोडतो. खाद्यतेलाचा साधा लोखंडी पिंप मिळाला, तर आतला लेप आणि बाहेरचा रंग लाकडांच्या मोठ्या जाळात पूर्ण जाळून, तारेच्या ब्रशने लोखंड उघडे होईपर्यंत खरवडून, तेल लावून दोन तास रिकामाच तापवून घ्यावा.