ठरावाच्या आधीचं काम

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचनालयाच्या नव्या इमारतीला, नाकाबंदीवर असताना गेलेल्या आपल्या हवालदाराचं नाव द्यायचं तुम्हा मुलांच्या मनात आहे, आणि माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतींच्या दप्तरात गेली म्हणून ठराव कसा मांडायचा ते तू मला विचारतेस. सांगतो, पण शेवटी. ठराव हा यातला सगळ्यांत सोपा भाग आहे.

आधी त्यांच्या घरी जा. एकटी जा, फार तर आईला सोबत ने. शिष्टमंडळ, शाल-श्रीफळ, मोबाइल उंचावून फोटो काढणारं कुणी, यातलं काही नको. वहिनींना विचार आणि त्यांच्या सासूबाईंना वेगळं विचार. म्हातारी दळण घेऊन रोज त्याच इमारतीवरून जाते. लेकाचं नाव भिंतीवर बघत जाणं एखाद्या आईला हवंसं वाटेल, एखादीला सोसवणार नाही. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच मिटव, कारण सांगा म्हणून मागे लागू नकोस.

आणि बसल्या बसल्या कागदांचीही चौकशी कर. निवृत्तिवेतन सुरू झालं का, सानुग्रह अनुदान मिळालं का, मुलाच्या अनुकंपा नोकरीचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे. यातलं काही अडकलं असेल तर इमारतीचं काम बाजूला ठेव आणि आधी त्या अर्जाच्या मागे लाग. माणसाचं नाव दगडात कोरायचं आणि त्याच्या बायकोने जिल्ह्याच्या गावी खेटे घालायचे, हे मला पटत नाही. तुलाही पटू नये.

आता फलकाकडे येतो, कारण तुझं खरं काम तिथे आहे. तालुक्याच्या एका गावातलं सभागृह मला आठवतं. दारावर पोलिसाचं नाव, पत्र्यावर रंगवलेलं, त्यातला 'र' उडालेला. खाली काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, तीवर अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, निमंत्रक, असे मिळून पंधराएक जण सोनेरी अक्षरांत. ज्याचं नाव दिलं तो माणूस कोण, कुठे होता, त्याला काय झालं, याचं अवाक्षर नाही. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, 'पोलिसात होते कुणीतरी.'

तुमच्या इमारतीचं हे होऊ नये, एवढ्याचसाठी हे पत्र लिहितोय. नुसतं नाव एका पिढीत वाळून जातं. त्या माणसाने काय केलं ते सोबत लिहिलेलं असेल तरच नाव टिकतं.

तुकाराम ओंबळ्यांचं बघ. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी लष्करात होते, तिथून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आले, डी. बी. मार्ग ठाण्यात सहायक फौजदार होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी स्कोडा गाडी आली. गाडीने अलीकडेच थांबून दिवे प्रखर केले, काचेवर पाणी सोडून वायपर चालू केला, म्हणजे आत कोण आहे ते दिसू नये. मग वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. गोळीबार झाला. ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी हाताने धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कसाबला जिवंत पकडला. तो जिवंत हाती लागला म्हणून खटला उभा राहिला, पुरावे नोंदले गेले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली.

२००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर पुतळा उभा राहिला. पुढे ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीलाही २०२१ मध्ये अभ्यासकांनी त्यांचं नाव दिलं, इसियस तुकारामी. (मला तर हा सन्मान पुतळ्याइतकाच आवडला. कोळ्याच्या उद्घाटनाला पाहुणे लागत नाहीत.) पण लोकांच्या लक्षात ओंबळे राहिले ते 'नळी धरली' या दोन शब्दांमुळे.

त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत एका क्वालिसमध्ये करकरे, कामटे आणि साळसकर मारले गेले. ही तीन नावं शाळकरी पोरंही घडाघडा सांगतात. त्या गाडीत शिपाईही होते, त्यांची नावं किती जणांना येतात? मी इथे देत नाही, तू शोधून काढ आणि वहीत लिही. तुमचा हवालदारही त्याच बाजूचा माणूस आहे, म्हणून सांगतो. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला, त्यात १५ पोलीस गेले. त्यांची खासगी गाडी चालवणारा चालकही गेला. तो खात्याचा नव्हता. असा माणूस फलकातून सहज सुटतो, कुणाच्या मनात वाईट नसतानाही सुटतो. तुमच्या हवालदाराबरोबर त्या रात्री कुणी होमगार्ड जखमी झाला होता, असं तूच लिहिलंयस. त्याचा उल्लेख फलकावर हवा, आणि तो जिवंत आहे तर त्याला विचारून हवा.

गावात कुणीतरी म्हणणारच की हा काही अतिरेक्यांच्या गोळीने गेला नाही, वाळूच्या टेम्पोखाली गेला. अशांशी वाद घालू नकोस. दरवर्षी २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या हल्ल्यात गेलेल्या दहा पोलिसांच्या आठवणीत, पोलीस स्मृतिदिन पाळतात. त्या दिवशी वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. त्या यादीत गोळीने गेलेला वर आणि टेम्पोने गेलेला खाली, अशी उतरंड नसते. तुमचा कार्यक्रम त्याच दिवशी ठेवता आला तर बघ. हवालदार गेले त्या तारखेला घरात श्राद्धाचं वातावरण असतं, तिथे लाऊडस्पीकर नको.

फलकावर काय लिहायचं? 'अतुलनीय शौर्य', 'प्राणांची आहुती', 'देदीप्यमान कामगिरी' हे सगळं खोडून टाक. असले शब्द कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणाचेच होत नाहीत. असं काहीतरी लिही: 'रात्री नाकाबंदीवर असताना त्यांनी टॉर्च दाखवून वाळूच्या टेम्पोला थांबायची खूण केली. टेम्पो थांबला नाही.' एवढं वाचून आठवीतला पोरगाही थबकतो. वेळ, ठिकाण, बंदोबस्ताला कोण कोण होतं, ही माहिती फिर्यादीवरून घे, पारावरच्या गप्पांवरून नको. खटला अजून चालू आहे, तेव्हा आरोपीचं नाव किंवा 'खून' हा शब्द फलकावर घालू नकोस. निकाल लागेल तेव्हा एक ओळ वाढवता येईल, तेवढी जागा खाली सोडून ठेव.

नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, बक्कल नंबर सेवापुस्तकाशी ताडून घे. बक्कल नंबर कशाला, असं कुणी विचारेल. अख्ख्या नोकरीत पोलिसाच्या गणवेशावर असतो तो नंबर. त्याच्या बरोबरीचे शिपाई कधी या वाटेने आले तर आधी तोच वाचतील.

इमारतीचं नाव आखूड ठेव. चार विशेषणं लावलीस की लोक आद्याक्षरं करतात. मुंबईच्या मोठ्या स्टेशनाचं सीएसएमटी झालंच ना? आणि त्याच स्टेशनात २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे गेले, हे तिथून रोज गाडी पकडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? 'अमुक हवालदार वाचनालय', बस.

आता ठराव. इमारत कुणाच्या मालकीची आहे ते आधी नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरून बघ. ग्रामपंचायतीची असेल तर गोष्ट गावातच मिटते. जागा किंवा निधी जिल्हा परिषदेचा असेल तर वरून मंजुरी लागेल, म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आजच विचार. अमेरिकेत साध्या पोस्ट ऑफिसला कुणाचं नाव द्यायचं तरी संसदेत कायदा करावा लागतो, आणि असे कायदे ते ढिगाने करतात. तुला नुसती ग्रामसभा पार करायची आहे. विषय अजेंड्यावर लेखी घ्यायला लाव, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू देऊ नकोस. गणपूर्तीला १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली जी संख्या कमी ती लागते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तुला कुणीतरी हळूच सुचवेल की तहकूब सभेत उरकून टाकू, विरोधही होणार नाही. नको. असा ठराव पाच डोक्यांनी केला की पुढच्या निवडणुकीनंतर दुसरी पाच डोकी तो फिरवतात. घरोघर जाऊन बायका-माणसं आण. सूचक एका आळीचा आणि अनुमोदक दुसऱ्या आळीचा असू दे, यातलं राजकारण तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

कोनशिला होणारच, ती अडवायच्या फंदात पडू नकोस. सरपंचांचा तेवढा मान ठेव. फक्त ती आतल्या भिंतीला लावा, आणि हवालदाराचा मजकूर दाराशी, उभ्याने वाचता येईल अशा उंचीवर. पत्र्यावर रंगवू नका, दगडात कोरून घ्या. खर्च जास्त येतो, तर मंडपात आणि जेवणावळीत कापा.

उद्घाटनानंतर वाचनालय रोज किती वाजता उघडणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, हेही त्याच ठरावात लिहून घे. त्याच्या नावाच्या दाराला कुलूप दिसलं तर म्हातारी मलाच बोलेल, कारण तुला मी हे शिकवलं असं तू सांगशीलच.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर फलकाचा मसुदा त्याआधी मला पाठव. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत जोड. आणि मजकूर आधी वहिनींना वाचून दाखव, त्यांनी काही खोडलं असेल तर ते खोडलेलं तसंच दिसू दे, नवीन कागदावर उतरवू नकोस.

तुझा,
काका